मुलाचं पोट खरंच रिकामं आहे का? भूल देण्याआधीची पोटाची सोनोग्राफी

ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञ आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो शेवटच्या घासाचा. काय खाल्लं, किती वाजता, आणि त्यानंतर काही प्यायलं का? उत्तरं नाना तऱ्हेची येतात. "रात्री जेवला तेवढंच." "पहाटे फार रडली, म्हणून दोन घोट दूध दिलं." "आजीने प्रसादाचा पेढा दिला असेल, विचारून सांगते." चार वर्षांच्या मुलाला स्वतःला विचारावं, तर तो समोरच्याचा चेहरा बघून मान हलवतो. या उत्तरावर भूल कशी द्यायची हे ठरतं, आणि उत्तर मात्र बरेचदा अंदाजाचं असतं.

गेल्या काही वर्षांत या अंदाजाच्या जोडीला एक तपासणी आली आहे. ऑपरेशन थिएटरमधल्याच सोनोग्राफी मशीनने जठर बघायचं. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, सरावलेल्या हाताला पाचेक मिनिटं पुरतात. ती कशी करतात, तिच्यावर किती विसंबायचं आणि ती कुठे फसवते, हे पालकांना आणि या क्षेत्रात नव्याने आलेल्या डॉक्टर-परिचारिकांना एकत्रच समजावं म्हणून हा लेख.

भरलेल्या पोटाची भीती कशाची?

जागेपणी घशात चुकून काही गेलं की ठसका लागतो आणि श्वासनलिका वाचते. भूल दिल्यावर हा ठसका नाहीसा होतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायूही सैल पडतो. अशा वेळी जठरात काही असेल तर ते वर येऊन थेट फुप्फुसात जाऊ शकतं. आम्ल गेलं तर फुप्फुसाचा आतला पडदा भाजून निघतो. अन्नाचे तुकडे गेले तर श्वासनलिकाच बंद होते.

अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली प्रसूतीत भूल दिलेल्या स्त्रियांमधल्या अशा ६६ घटना मांडल्या. त्यात दोघींचा मृत्यू झाला आणि दोन्ही वेळा कारण होतं घट्ट अन्नाने श्वास कोंडणं. 'ऑपरेशनआधी उपाशी' हा नियम जगभर पक्का झाला त्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे. पाणी आणि घन अन्न यांतला फरक तेव्हापासून दिसत होता. पुढे सोनोग्राफीतही तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

मुलांमध्ये हा प्रकार दुर्मीळ आहे. मोठ्या पाहण्यांमध्ये दर १०,००० भुलींमागे साधारण २ ते १० असे आकडे आले आहेत, आणि यातली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. पण ज्या मुलावर ही वेळ येते त्याला व्हेंटिलेटर, आयसीयू असं सगळं बघावं लागू शकतं.

घड्याळाचा नियम आणि त्याच्या मर्यादा

आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत '६-४-२' चालतं. घन अन्न, गाईम्हशीचं किंवा डब्याचं दूध यांना ६ तास, आईच्या दुधाला ४ तास, आणि आरपार दिसणाऱ्या पातळ पदार्थांना २ तास. तळलेलं, तुपकट खाल्लं असेल तर ८ तास. युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये मुलांसाठी हे आणखी सैल केलं: पाण्यासारख्या पदार्थांना १ तास, आईच्या दुधाला ३ आणि डब्याच्या दुधाला ४.

'आरपार दिसणारं' म्हणजे पाणी, साखरपाणी, ओआरएस, गर नसलेला गाळलेला फळांचा रस. ताक, पेज, दुधाचा चहा, वरणाचं पाणी यात बसत नाहीत. ही चूक घरोघरी होते, कारण आपण 'पातळ' या एकाच शब्दात सगळं घालतो.

उपासाचे हे तास आले कुठून? पाणी जठरातून भराभर निघून जातं. प्यायल्याबरोबर पुढे सरकायला सुरुवात होते आणि अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त लहान आतड्यात पोचलेलं असतं. घन अन्नाचं तसं नाही. जठर ते आधी घुसळतं, बारीक करतं, तोवर पुढे फारसं काही जात नाही. मग हळूहळू, एका ठरावीक गतीने ते सुटतं. स्निग्ध पदार्थ ही गती आणखी कमी करतात.

निरोगी मूल आणि आधी ठरवलेलं ऑपरेशन असेल तर हा हिशेब उत्तम चालतो. अशा प्रत्येक मुलाची सोनोग्राफी करायची गरज नाही, आणि सोनोग्राफी आहे म्हणून उपास मोडायचाही नाही. उलट आपल्याकडे जास्त दिसणारी चूक दुसऱ्या टोकाची आहे: रात्री १२ पासून सगळं बंद, आणि नंबर लागतो सकाळी ११ ला. ११ तास पाण्याचा थेंब नसलेलं मूल किरकिरतं, त्याची शीर सापडत नाही, भूल दिल्यावर रक्तदाब खाली येतो, लहान बाळात साखरही उतरू शकते. दोन तास आधीपर्यंत वजनाच्या दर किलोला ३ मिली पाणी द्यायला हरकत नसते. १२ किलोच्या मुलाला ते जेमतेम ३६ मिली होतं. तेवढ्यानेही मूल शांत राहतं.

घड्याळ निरुपयोगी ठरतं ते इतर प्रसंगी. झाडावरून पडून कोपराजवळ हाड मोडलेलं मूल घ्या. जेवण दुपारी १ ला, पडलं १:३० ला, ऑपरेशन रात्री ९ ला. कागदावर आठ तास झाले. पण वेदना आणि भीतीने जठराची हालचाल मंदावते, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं ती आणखी थांबवतात. म्हणून अपघातात 'जेवण ते ऑपरेशन' या वेळेपेक्षा 'जेवण ते दुखापत' ही वेळ जास्त बोलकी असते. इथे तर ती फक्त अर्धा तास आहे. अशा मुलाच्या पोटात रात्री ९ ला दुपारचा वरणभात असू शकतो.

अपेंडिक्स, गिळलेलं नाणं, सतत उलट्या, मधुमेह किंवा मेंदूच्या विकाराने जठर संथ झालेली मुलं, आणि ज्यांच्या खाण्याची खात्रीच देता येत नाही ती मुलं. सोनोग्राफीची खरी जागा यांच्यापाशी आहे. उत्तर आधीच नक्की असेल, म्हणजे पोट भरलेलंच आहे किंवा रिकामंच आहे हे कळलेलं असेल, तर तपासणीने काही बदलत नाही. शंका खरी असेल तेव्हाच ती कामाची.

कुठे बघायचं?

जठराचा वरचा भाग बरगड्यांखाली डावीकडे दडलेला असतो आणि त्यात हवा असते. हवेतून सोनोग्राफीच्या लहरी पुढे जात नाहीत, म्हणून तिथे धुरकट पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. बघायचा असतो तो जठराचा खालचा, बाहेर पडण्याच्या दाराजवळचा भाग. त्याला अँट्रम म्हणतात. तो पोटाच्या मध्यभागी, त्वचेपासून जवळ असतो, त्याच्या पुढ्यात यकृताचा डावा भाग असतो आणि यकृतातून लहरी छान जातात. शिवाय मूल उजव्या कुशीवर वळलं की जठरातलं पाणी ओघाने अँट्रममध्ये उतरतं आणि हवा वर डावीकडे जाते. थोडंसं पाणी असलं तरी ते इथे पकडता येतं.

प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, कोणता? साधारण ४० किलोपर्यंतच्या मुलांना सरळ तोंडाचा, जास्त वारंवारतेचा प्रोब, म्हणजे शीर शोधायला किंवा ब्लॉक द्यायला (एखादी नस बधिर करायला) थिएटरमध्ये असतो तोच. त्याने जठराच्या भिंतीचे थर स्वच्छ दिसतात. मोठ्या किंवा स्थूल मुलांना वक्र तोंडाचा, २ ते ५ मेगाहर्ट्झचा. मशीनवर पोटाचं सेटिंग लावायचं आणि खोली लहान बाळात ४-५ सेंटिमीटर, मोठ्या मुलात ७-८ सेंटिमीटरपर्यंत ठेवायची.

जेल कोमट करून घ्या. ही बारीकशी गोष्ट वाटते, पण थंड जेल पोटावर पडलं की मूल रडतं, रडताना हवा गिळतं आणि पुढचं चित्र बिघडतं. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवली तरी पुरे. आई किंवा बाबा डोक्याशी असावेत, हातात मोबाईलवर त्याचं आवडतं काहीतरी असावं. स्क्रीनही मुलाला दाखवावी; पाच-सहा वर्षांची मुलं स्वतःचं पोट बघण्यात रमतात.

मूल आधी उताणं. प्रोब छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली उभा ठेवायचा, प्रोबवरची खूण डोक्याकडे. मग तो उभाच ठेवून डाव्या बरगडीपासून उजव्या बरगडीपर्यंत सावकाश सरकवायचा. शोधायच्या खुणा तीन: वर यकृताच्या डाव्या भागाची निमुळती कड, तिच्या मागे-खाली अँट्रम, आणि त्याच्याही मागे स्वादुपिंड व महाधमनी. या तीनही खुणा एका चित्रात आल्या की आपण योग्य जागी आहोत. महाधमनीऐवजी उजवीकडची महाशीर दिसत असेल तर प्रोब थोडा उजवीकडे गेला आहे. मोजमाप नेहमी महाधमनीच्या पातळीवर करायचं, म्हणजे दोन वेळच्या किंवा दोन माणसांच्या मोजमापांची तुलना करता येते.

अँट्रम ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे त्याची भिंत. तिच्यातला स्नायूचा जाड थर काळसर कड्यासारखा दिसतो. आतड्याची भिंत इतकी जाड नसते.

मग मुलाला उजव्या कुशीवर वळवायचं, क्षणभर थांबायचं आणि तेच पुन्हा बघायचं. ही दुसरी पायरी गाळली तर तपासणी अर्धवट राहते. उताण्या स्थितीत रिकामं दिसलेलं जठर कुशीवर भरलेलं निघू शकतं. हात मोडलेल्या किंवा मणक्याला इजा झालेल्या मुलाला वळवता येत नसेल तर पाठीमागून ४५ अंश उचलून बसतं करता येतं. तेवढं अचूक नाही, पण निव्वळ उताण्यापेक्षा बरं.

काय दिसतं?

रिकामं अँट्रम लहान, चपटं किंवा गोल असतं, पुढची-मागची भिंत एकमेकींना टेकलेली. आडव्या छेदात ते चांदमारीच्या लक्ष्यासारखं दिसतं: मध्ये उजळ ठिपका, भोवती काळं कडं.

पाणी असेल तर अँट्रम फुगलेलं, भिंत ताणून पातळ झालेली आणि आतला भाग काळा. नुकतंच प्यायलेलं असेल तर त्या काळ्यात हवेचे बारीक बुडबुडे चमकत फिरताना दिसतात. काही मिनिटांत ते विरतात.

दूध गोंधळात टाकतं. ते पाण्यासारखं काळं दिसत नाही, करडं-पांढरं दिसतं, आणि जठरातल्या आम्लाने त्याचं दही झालं की गुठळ्या दिसतात. आईचं दूध आणि वरचं दूध यांच्यात सोनोग्राफीवर फरक सांगता येईलच असं नाही. असं चित्र दिसलं तर ते घन अन्नाच्या खात्यात धरावं.

जेवण झाल्यावर लगेच बघितलं तर चावताना गिळलेली हवा अन्नात मिसळलेली असते. अँट्रमची फक्त पुढची भिंत दिसते आणि मागे दुधी काचेसारखा पडदा. मागची भिंत दिसत नाही म्हणून 'काही कळत नाही' असं नवखे लोक लिहून मोकळे होतात. वास्तविक हे चित्र स्वतःच एक उत्तर आहे: पोट भरलेलं आहे. दोन-तीन तासांनी हवा निघून गेली की अन्न उजळ-काळ्या मिश्र ठिपक्यांचं, जाडसर दिसतं.

टोरांटोच्या डॉ. अनाही पेर्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातळ पदार्थासाठी साधी प्रतवारी दिली आहे. दोन्ही स्थितींत रिकामं दिसलं तर श्रेणी ०. फक्त उजव्या कुशीवर पाणी दिसलं तर श्रेणी १, म्हणजे बहुतेक वेळा जठरात नेहमी पाझरणारा थोडासा रस. दोन्ही स्थितींत पाणी दिसलं तर श्रेणी २, म्हणजे जास्त पाणी असण्याची शक्यता. मुलांमध्येही हीच प्रतवारी वापरतात. दिसायला ती कच्ची वाटते, पण रोजच्या कामात आकड्यांपेक्षा तीच जास्त भरवशाची ठरते.

आकडा काढायचा असेल तर

घन अन्न दिसलं की मोजायचं काही उरत नाही. मोजमाप फक्त पाण्यासाठी.

मूल उजव्या कुशीवर असताना अँट्रमचे दोन व्यास घ्यायचे, एक पुढून मागे आणि दुसरा डोक्याकडून पायांकडे. दोन्ही भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. जठर मिनिटाला साधारण तीन वेळा आकुंचन पावतं, म्हणून दोन आकुंचनांच्या मधल्या स्थिर क्षणी चित्र थांबवायचं. तीन वेळा मोजून सरासरी घ्यायची. दोन्ही व्यासांचा गुणाकार गुणिले ३.१४, भागिले ४, हे झालं छेदाचं क्षेत्रफळ.

कॅनडात २०१५ साली एंडोस्कोपीला आलेल्या १०० मुलांमध्ये आधी सोनोग्राफी करून, मग दुर्बिणीतून जठरातलं सगळं पाणी ओढून मोजलं आणि त्यावरून एक सूत्र बसवलं. मिलिलिटरमधलं पाणी = (३.५ × क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये) + (०.१२७ × वय महिन्यांत) − ७.८.

उदाहरण घेऊ. चार वर्षांचं, १६ किलोचं मूल. व्यास २.० आणि १.५ सेंटिमीटर. क्षेत्रफळ २.३६. सूत्रात टाकलं की पाणी येतं साधारण ६.५ मिली, म्हणजे किलोमागे ०.४ मिली. हे रिकामं पोटच.

याच मुलाचे व्यास ३.२ आणि २.४ आले तर? क्षेत्रफळ ६.०३, पाणी १९.४ मिली, किलोमागे १.२. मुलांसाठी सर्वसाधारण मर्यादा धरतात किलोमागे १.२५ मिली, म्हणजे या मुलाला २० मिली, चार छोटे चमचे. आपण मर्यादेच्या जेमतेम आत आहोत. आता कॅलिपर, म्हणजे स्क्रीनवरच्या मोजमापाच्या खुणा, ठेवताना हात किंचित हलला आणि व्यास ३.४ व २.५ आले. पाणी २१.७ मिली, किलोमागे १.३५. मर्यादा ओलांडली! एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने मूल 'सुरक्षित'मधून 'धोक्याचं' झालं. म्हणून १.० ते १.५ च्या दरम्यानचा आकडा आला की आकड्याला निर्णय करू देऊ नये. दोन्ही स्थितींतली श्रेणी, मुलाची हकिगत आणि आजार यांच्यासोबत तो ठेवून बघावा.

ही १.२५ ची रेषाही निसर्गाने आखलेली नाही. नीट उपाशी असलेल्या निरोगी मुलांच्या जठरातही थोडा रस असतोच, आणि बहुसंख्यांत तो या आकड्याच्या खाली सापडतो. पूर्वी किलोमागे ०.४ मिली हा आकडा सांगत. त्याचं मूळ माकडाच्या फुप्फुसात थेट आम्ल सोडून केलेल्या १९७० च्या दशकातल्या एका प्रयोगात आहे. जठरात किती असेल तर ते वर येईल, याच्याशी त्या प्रयोगाचा संबंधच नव्हता.

सूत्राच्या बाबतीत दोन सापळे. तान्ह्या बाळांत ते कोलमडतं. दोन महिन्यांच्या बाळाचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आलं तर उत्तर येतं उणे ४ मिली, ज्याला काही अर्थ नाही. तिथे डोळ्यांनी दिसलेलं चित्रच प्रमाण. दुसरा सापळा जास्त गंभीर: प्रौढांसाठी वेगळं सूत्र आहे आणि मोबाईलवरच्या तक्त्यांमध्ये पटकन तेच हाताशी लागतं. वरच्याच मुलाचं ६.०३ क्षेत्रफळ प्रौढांच्या सूत्रात टाकलं तर १९ मिलीच्या जागी ११० मिली उत्तर येतं. विनाकारण ऑपरेशन रद्द व्हायला एवढं पुरेसं आहे.

मग करायचं काय?

श्रेणी ० किंवा मर्यादेच्या बरंच खाली पाणी असेल तर नेहमीप्रमाणे भूल द्यावी. लहान मुलांना मास्कमधून औषध हुंगवून झोपवणं, नंतर सलाईन लावणं, हे सगळं चालतं.

पाणी जास्त दिसलं आणि ऑपरेशन ठरवलेलं असेल तर तासभर थांबून पुन्हा बघावं. पाणी लवकर उतरतं. पूर्वी असं मूल दिवसभरासाठी घरी पाठवलं जायचं, आईवडिलांचा खाडा वाया जायचा. आता यादीत दोन नंबर मागे सरकवून भागू शकतं. घन अन्न दिसलं तर तासाभराने काही होत नाही. ऑपरेशन पुढे ढकलावं.

तातडीचं ऑपरेशन असेल आणि पोट भरलेलं असेल तर भूल देण्याची पद्धत बदलते. आधी सलाईन, मग शिरेतून झटपट गुंगी आणि स्नायू सैल करणारं औषध, आणि लगेच श्वासनलिकेत नळी, टोकाजवळ फुगवायचा फुगा (कफ) असलेली. सक्शन, म्हणजे घशातलं ओढून घेणारं यंत्र, चालू स्थितीत उशाशी. मोठ्यांमध्ये या मधल्या मिनिटात मास्कने अजिबात हवा देत नाहीत, पण मुलांच्या फुप्फुसांत प्राणवायूचा साठा थोडा आणि वापर जास्त असतो, त्यामुळे ती फार लवकर निळी पडू लागतात. म्हणून मुलांत १०-१२ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाहून कमी, हलक्या दाबाने श्वास देत राहण्याची पद्धत रूढ झाली आहे. एवढ्या दाबाने हवा जठरात फारशी जात नाही.

पोट रिकामं दिसलं म्हणजे सगळे दरवाजे उघडले असं मात्र नाही. आतड्याला पीळ पडला असेल किंवा आतडं अडलं असेल तर जठर आत्ता रिकामं दिसेल आणि अर्ध्या तासात आतड्यातून उलटं भरेल. अशा मुलाला भरल्या पोटाचंच समजून भूल द्यावी, सोनोग्राफी काहीही सांगो. अन्ननलिकेतच अन्न साठत असेल तर जठर बघून काय कळणार? जठरावर आधी शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा जठराचा भाग छातीत सरकलेला असेल तर सूत्र लागूच पडत नाही.

तीन ते सहा आठवड्यांच्या बाळांत होणारा पायलोरिक स्टेनोसिस हा या तपासणीचा सर्वात सुरेख उपयोग आहे असं आमचं मत. जठराच्या बाहेरच्या दाराचा स्नायू जाड होतो, दूध पुढे जात नाही, बाळ कारंज्यासारखी उलटी करतं. इथे उपासाचे तास मोजण्यात काही हशील नाही, कारण जठर रिकामं व्हायला वाटच नाही. भूल देण्याआधी तोंडातून १० किंवा १२ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी घालून, बाळाला उताणं, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, पालथं असं फिरवत जठर ओढून घेतात. नळीतून काही येईनासं झालं की 'रिकामं झालं' असं म्हणायचं, एवढाच पूर्वी आधार होता. नळीचं टोक भिंतीला चिकटलं किंवा दुधाच्या गुठळीने भोक बुजलं तरीही काही येत नाही! आता ओढल्यानंतर पुन्हा प्रोब ठेवला की खरं काय ते दिसतं. गुठळ्या दिसल्या तर थोडं सलाईन घालून धुवून पुन्हा ओढावं.

जिथे हात चुकतो

आडवं मोठं आतडं अँट्रमच्या लगेच खाली असतं आणि त्यातली विष्ठा-हवा घन अन्नासारखी दिसते. पित्ताशय पाण्याने भरलेल्या अँट्रमसारखं काळं दिसतं, पण त्याची भिंत पातळ असते, ते आकुंचन पावत नाही आणि ते जास्त उजवीकडे, यकृताच्या खालच्या बाजूला असतं. प्रोब तिरका धरला तर छेद लांबट होऊन क्षेत्रफळ खोटं वाढतं. जोर लावला तर अँट्रम चपटं होऊन ते खोटं घटतं; लहान मुलाच्या पोटावर प्रोब जेमतेम टेकलेला असावा. नाकातून आधीच नळी असेल तर तिची सावली अन्न समजली जाते. आणि रडून हवा गिळलेल्या मुलात काहीच नीट दिसत नसेल, तर प्रामाणिकपणे 'दिसलं नाही' असं लिहून पोट भरलेलं समजावं.

शिकायला किती वेळ लागतो? प्रौढांवर केलेल्या एका अभ्यासात, पोट रिकामं, पाणी की अन्न हे १०० पैकी ९५ वेळा बरोबर सांगण्यासाठी साधारण ३३ तपासण्यांचा सराव लागेल असा अंदाज निघाला. मुलांत सुरुवात नेमकी उपाशी, ठरवलेल्या ऑपरेशनच्या मुलांपासून करावी, उत्तर आधीच माहीत असतं तेव्हा. रिकामं अँट्रम शोधणं हेच सगळ्यात अवघड असतं.

भारतात एक कायदेशीर बाजू आहे. सोनोग्राफी मशीन कुठलंही असो, भूलतज्ज्ञाचं छोटं मशीनसुद्धा, १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली समुचित प्राधिकाऱ्यांकडे नोंदलेलं असावं लागतं. फिरतं मशीन ज्या रुग्णालयाच्या नावावर नोंदलं आहे त्याच्या आवारातच वापरायचं. तीन रुग्णालयांत काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाला ते गाडीत घालून नेता येत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावी ही तपासणी हवी असेल तर मशीन त्या रुग्णालयाने घ्यायला हवं. ब्लॉकसाठी आणि शीर शोधण्यासाठी ते बरेचदा आधीच घेतलेलं असतं.

पालकांनी सांगायच्या गोष्टी चार: शेवटचं घन अन्न किती वाजता, दूध किंवा पाणी किती वाजता, पडलं असेल तर नेमकं कधी पडलं, आणि आल्यापासून उलटी झाली का. पहाटे चोरून बिस्किट खाल्लं असेल तर तेही. रागावणार कुणी नाही. एक प्रोब ठेवून बघितलं जाईल आणि फार तर ऑपरेशन दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी होईल.